ठरलें तें लिहिलें

कामोठ्याहून मालवणाकडे निघालेला प्रवासी पनवेलास कोकण रेल्वेची गाडी धरतो. त्या मालवण तालुक्यांतील वराड हें २०१७ सालीं आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या घराण्याचें मूळ गांव, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच.

फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकींत तेथील लोकसभेच्या १६० जागांपैकीं फिआना फॉल पक्षास ३८, शिन फेन पक्षास ३७ व वराडकरांच्या फिना गेल पक्षास ३५ जागा मिळाल्या. बहुमत कोणासच नाहीं. फिआना फॉल व फिना गेल यांचें वैर १९२२-२३ च्या यादवीपासूनचें. तरी १२ जागांच्या हरित पक्षासह ते एकत्र आले. पंतप्रधानपद आधीं मीहॉल मार्टिन यांनीं व नंतर वराडकरांनीं भूषवावें, असें ठरलें. करार लिहिला, छापला आणि तिन्ही पक्षांच्या सभासदांच्या मतास टाकला. मुदत भरतांच, १७ डिसेंबर २०२२ रोजीं, मार्टिन यांनीं खुर्ची सोडली. वराडकरांनीं ती एप्रिल २०२४ पर्यंत सांभाळली.

महाराष्ट्रांत २०१९ सालीं भाजप-शिवसेनेची युती याच प्रश्नावर मोडली. अडीच वर्षांचा शब्द दिला होता, असें एक म्हणे. दिलाच नव्हता, असें दुसरा. जनतेपुढें कागद आला नाहीं.

एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्यांस हा अनुभव नवा नाहीं. भावाभावांतील तंटा जमिनीपेक्षां ‘तसें ठरलेंच नव्हतें’ या वाक्यानें अधिक पेटतो. आयर्लंडांत जुन्या वैऱ्यांनीं ठरलें तें लिहून चारचौघांपुढें ठेवलें. आपण मात्र स्नेहाच्या भरंवशावर लिहावयाचें राहूं देतों.