धक्क्यावर तीन माणसं

मंडळी, हॉकी म्हटलं की कॅनडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बर्फ उभा राहतो. आपल्या लडाखमध्येही बर्फावरची हॉकी खेळतात. पण मी आज बोलणार आहे ती आपल्या मैदानावरच्या हॉकीबद्दल, आणि तिच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेबद्दल. गिरगावात जन्म काढलेल्या माणसाला क्रिकेट सोडून हे काय सुचलं, असं काहींना वाटेल. त्याचं कारण माझे आजोबा.

आजोबा बॅलार्ड पिअरजवळ एका कचेरीत कारकून होते. शनिवारी विलायतेची बोट सुटायची. ते सांगत, "अरे, त्या दिवशी मी धक्क्यावरच होतो. काठ्या घेतलेली दहा-बारा पोरं बोटीवर चढली. मला वाटलं, पलटणीतली असतील." ती तारीख होती 10 मार्च 1928, बोटीचं नाव कैसर-इ-हिंद, आणि ती पोरं म्हणजे ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला निघालेला भारताचा हॉकी संघ. त्यांच्यात ध्यानचंद होते. त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे, की निरोप द्यायला फक्त तीन माणसं आली होती: हॉकी महासंघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार.

आता हा संघ निवडला कसा, ते सांगतो, कारण राष्ट्रीय स्पर्धेचा जन्म तिथेच आहे. त्याआधी आपल्याकडे हॉकीच्या स्पर्धा नव्हत्या असं नाही. कलकत्त्याचा बायटन कप 1895 पासूनचा, मुंबईचा आगाखान कप 1896 पासूनचा. पण त्यात खेळायचे क्लब, पलटणी, कॉलेजं. झाशीचा फॉरवर्ड चांगला की कलकत्त्याचा, हे ठरवायला एक मैदान नव्हतं. 1925 साली ग्वाल्हेरला भारतीय हॉकी महासंघ स्थापन झाला आणि ऑलिंपिकला जायचं ठरलं, तेव्हा हा प्रश्न गळ्याशी आला. मग 1928 च्या सुरुवातीला कलकत्त्यात प्रांताप्रांतांची स्पर्धा भरवली. संघ आले पाच: संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि मध्य प्रांत. ध्यानचंद सैन्यात, पण खेळले संयुक्त प्रांताकडून. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताने राजपुतान्याला 3-1 असं हरवलं आणि या स्पर्धेवरून ऑलिंपिकचा संघ निवडला गेला. म्हणजे आपली राष्ट्रीय स्पर्धा ही मुळात एक निवड चाचणी. चषक नंतरचा, मानमरातब त्याच्याही नंतरचा.

या पाचांत मुंबई नव्हती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गंमत पुढे आहे. बोटीवर चढण्याआधी हा निवडलेला संघ मुंबईच्या संघाशी एक सामना खेळला आणि मुंबईने त्याला 3-2 असं हरवलं! ज्यांनी स्पर्धेत भाग घेतला नाही, त्यांच्याकडून हार खाऊन संघ ऑलिंपिकला निघाला. त्यात पैशांची चणचण. तेरा जणांतल्या दोघांना मागे ठेवायची पाळी आली होती, ती बंगालमधून मदत आली म्हणून टळली. अशा संघाला निरोप द्यायला गर्दी कशाला होईल? गर्दीचा दोष मी तरी काढत नाही. माझे आजोबाही तिथेच होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

ॲमस्टरडॅमला पाच सामने झाले. भारताने 29 गोल केले, त्यांतले 14 एकट्या ध्यानचंदांचे. भारतावर गोल एकही झाला नाही. 26 मे रोजी यजमान हॉलंडला 3-0 असं हरवून पहिलं सुवर्णपदक मिळालं. संघ परतला तेव्हा त्याच बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांचं नाव आज पेडर रोडला दिलेलं आहे, ते डॉ. गोपाळराव देशमुख स्वागताला होते. आजोबा या वेळी चाळीतल्या चार जणांना घेऊन गेले होते. त्यांना लांबून काठ्याच तेवढ्या दिसल्या म्हणे.

पुढे ही स्पर्धा रुजली. आधी दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी होऊ लागली. विजेत्यांना मिळायची ती न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या नावाची, लाकडी कोरीवकामाची ढाल. 1947 साली ती जिंकली अखंड पंजाबने. त्या संघात बलबीरसिंग होते आणि शाहजादा शाहरुखही होते. एकाच काठीच्या जोरावर दोघे खेळले, आणि काही महिन्यांत देशाचे दोन तुकडे झाले. बलबीरसिंग इकडे आले, शाहरुख लाहोरचे राहिले. ढाल विजेत्यांकडे होती, ती पलीकडेच राहिली. नंतर 'द हिंदू'चे संपादक रंगास्वामी यांच्या नावाने नवा चषक आला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे दोघे वेगवेगळ्या देशांचे गणवेश घालून उतरले. भारताने अंतिम सामन्यात ब्रिटनला 4-0 हरवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं सुवर्ण, आणि त्या संघाचे एक गोलकीपर होते आपल्या मुंबईचे लिओ पिंटो.

पिंटो हे नाव गिरगावकराला परकं वाटायचं कारण नाही. खोताची वाडी आमचीच, कावेल आणि धोबीतलावही हाकेच्या अंतरावर. माझ्या लहानपणी तिथली गोवेकर मुलं खांद्यावर स्टिक टाकून चर्चगेटच्या हॉकी मैदानाकडे निघायची आणि आम्ही बॅट घेऊन उलट्या दिशेला. बायकांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाला तर मुंबईच्याच लेडी रतन टाटांचं नाव होतं. 1982 च्या एशियाडमध्ये महिला संघाने सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार होती पुण्याची एलायझा नेल्सन. आणि 1998 ला बँकॉकमध्ये पुरुषांचं एशियाड सुवर्ण 32 वर्षांनी परत आलं, ते खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली.

मधल्या काळाबद्दल फार सांगत नाही, ते दुखतं. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली, आणि आमची पोरं गवतावर आणि मातीवर. 2008 मध्ये तर बीजिंगला जायची पात्रताही मिळाली नाही. त्याच वर्षी जुना महासंघ निलंबित झाला. 2011 पासून 'हॉकी इंडिया'च्या नावाने राष्ट्रीय स्पर्धा नव्याने सुरू झाली, 2025 पासून संघांचे तीन गट पाडून बढती-घसरणीची पद्धत आली. 2021 ला टोकियोत आणि 2024 ला पॅरिसमध्ये आपण कांस्यपदक आणलं. टोकियोचं ऑलिंपिक पदक 41 वर्षांनी आलेलं. त्या दिवशी आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी कुणी जिंकली, असं मी पेढे वाटणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, अशी स्पर्धा असते?"

असते. चर्चगेटचं मैदान ठाकूरद्वारहून रमतगमत चालत पंचवीस मिनिटांवर आहे. काठ्या घेतलेली पोरं तिथे अजून येतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)