पूर्णांकाची रुंदी आणि बाइटांचा क्रम

सी भाषेतला ‘लाँग’ हा पूर्णांक नेमका किती बाइटांचा, हे भाषेने ठरवून दिलेले नाही. तो ३२ बिटांपेक्षा लहान नसावा, एवढेच बंधन आहे. ३२ बिटी लिनक्सवर तो ४ बाइटांचा असतो, ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइटांचा आणि ६४ बिटी विंडोजवर पुन्हा ४ बाइटांचाच. डिव्हाइस ड्रायव्हरला हे चालत नाही. नेटवर्क कार्डावरचे रजिस्टर ३२ बिटांचे आहे हे चिप तयार होतानाच ठरलेले असते; प्रोसेसर बदलला म्हणून ते बदलत नाही.

म्हणून लिनक्स कर्नलमध्ये यू८, यू१६, यू३२, यू६४ अशी रुंदी नावातच सांगणारे प्रकार वापरतात. मात्र प्रत्येक घटकाची रुंदी पक्की केली तरी स्ट्रक्चरची मांडणी पक्की होत नाही. यू३२ आणि त्यामागे यू६४ असे स्ट्रक्चर घेतले, तर ३२ बिटी एक्स८६ वर ते १२ बाइटांचे होते. ६४ बिटी एक्स८६ वर कंपायलर मध्ये ४ रिकामे बाइट घालतो आणि तेच १६ बाइटांचे होते. ३२ बिटी प्रोग्रामने ६४ बिटी कर्नलला आयओसीटीएलमधून असे स्ट्रक्चर दिले, की कर्नल दुसरा घटक चुकीच्या जागी वाचतो. ही रिकामी जागा स्ट्रक्चरमध्ये स्वतःच नाव देऊन मांडणे, हा यावरचा साधा आणि सर्वांत चांगला उपाय.

बाइटांच्या क्रमाचा प्रश्न याहून फसवा आहे. षोडशमान पद्धतीतली १२३४५६७८ ही संख्या लिटल एंडियन प्रोसेसर मेमरीत ७८, ५६, ३४, १२ अशी ठेवतो. बिग एंडियन १२, ३४, ५६, ७८ अशी. एक्स८६ पहिल्या गटातला, आयबीएमचे एस३९० मेनफ्रेम दुसऱ्या गटातले. पॉवरपीसी आणि मिप्स दोन्ही प्रकारे चालू शकतात. उपकरणांच्या बाजूला पीसीआय आणि यूएसबी लिटल एंडियन आहेत, तर आयपी आणि टीसीपीची हेडर बिग एंडियन.

पीसीआय कार्डाचे रजिस्टर रीडएल आणि राइटएल या फंक्शनांनी वाचले-लिहिले तर बाइटांची आवश्यक उलटापालट तीच करतात. डीएमए डिस्क्रिप्टरला ही सोय नाही. तो मेमरीत असतो आणि कार्ड तो थेट वाचते, म्हणून त्यातले प्रत्येक मूल्य ‘सीपीयू टू एलई३२’ने बदलूनच ठेवावे लागते. एक्स८६ वर हे रूपांतर काहीच करत नाही. ते विसरले तरी ड्रायव्हर तिथे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो आणि बिग एंडियन यंत्रावर पहिल्याच डिस्क्रिप्टरला कोसळतो. रूपांतर चुकून दोनदा केले तरी हेच होते.

केवळ चाचणीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ‘स्पार्स’ हे साधन इथे मोलाचे ठरते. एलई३२ आणि बीई३२ हे कर्नलमधले प्रकार कंपायलरला साध्या यू३२सारखेच दिसतात. स्पार्स त्यांना वेगळे मानते आणि रूपांतराशिवाय एकाचे मूल्य दुसऱ्यात टाकले की इशारा देते. चूक सापडायला बिग एंडियन यंत्र हाताशी असण्याची गरज उरत नाही.

बिटफील्डला मात्र हे संरक्षण पुरत नाही. बाइटातली बिटे कोणत्या टोकाकडून वाटायची, हे सी भाषा कंपायलरवर सोडते. लिनक्सच्या आयपी हेडरमध्ये आवृत्ती आणि हेडरची लांबी हे प्रत्येकी ४ बिटांचे घटक त्यामुळेच दोन उलट क्रमांनी दोनदा लिहिलेले आहेत. कर्नल ज्या यंत्रासाठी बांधला जातो, त्यानुसार त्यांतला एक निवडला जातो. नव्या ड्रायव्हरमध्ये बिटफील्ड टाळून शिफ्ट आणि मास्क वापरणे श्रेयस्कर.