डासांवर पाळत, हिवतापाला पायबंद

महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेती हे या भूभागाचे वैभव होय. परंतु जिल्ह्यातील बैहर, बिरसा, परसवाडा यांसारख्या डोंगराळ व वनव्याप्त भागांत, विशेषतः गोंड व बैगा वस्त्यांमध्ये, हिवतापाने दीर्घकाळ ठाण मांडले होते. मजुरी, बाजारहाट व सोयरीक या निमित्ताने दोन्ही राज्यांतील लोकांची ये-जा सतत चालू असते आणि रुग्णाच्या रक्तातून हिवतापाचे जंतूही सीमा ओलांडतात. त्यामुळे या रोगाचा बंदोबस्त हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जनतेच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

हिवतापाविरुद्धची देशव्यापी मोहीम १९५३ मध्ये सुरू झाली व १९५८ मध्ये तिला निर्मूलन कार्यक्रमाचे स्वरूप देण्यात आले. डी.डी.टी. फवारणीमुळे १९६५ पर्यंत रुग्णांची वार्षिक संख्या सुमारे एक लाखापर्यंत खाली आली. रोग हटला असे वाटून पाळत शिथिल झाली, डासही औषधाला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये देशातील रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. केवळ फवारणीने काम भागत नाही, डासांवर व तापाच्या रुग्णांवर अखंड लक्ष ठेवावे लागते, हा धडा या अनुभवाने दिला.

पाळत म्हणजे काय?

आरोग्य खात्याचे कीटक समाहारक पहाटे गावात येतात आणि विजेरीच्या प्रकाशात घरांच्या भिंतींवर व गोठ्यांत विसावलेले डास शोषण नळीने पकडतात. डबकी, नाले व बांध्यांतील पाणी लांब दांड्याच्या पळीने काढून त्यातील अळ्या मोजतात. हे काम वरवर किरकोळ दिसले तरी त्यातून चार महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

पहिला प्रश्न, डास कोणता? हिवताप फक्त ॲनोफिलीस जातीच्या डासाच्या मादीमुळे पसरतो. मध्य भारतात त्यातील दोन प्रकार मुख्य आहेत. ‘क्युलिसिफेसीस’ हा डास नदीपात्रातील डबकी, कालवे व भातखाचरे अशा स्वच्छ, उन्हातल्या पाण्यात वाढतो, तर ‘फ्लुव्हिॲटिलीस’ डोंगरपायथ्याच्या मंद वाहणाऱ्या झऱ्या-ओढ्यांत वाढतो. म्हणूनच पाऊस सरून ओढे संथ झाल्यावर जंगलपट्टीतील गावांनी अधिक सावध राहावे लागते.

दुसरा प्रश्न, डास किती? एका माणसाने एका तासात पकडलेल्या डासांच्या संख्येवरून त्यांची घनता काढतात. ती वाढू लागली की साथीची पूर्वसूचना मिळते.

तिसरा प्रश्न, डासाचे वय किती? रुग्णाचे रक्त शोषल्यावर जंतूंची वाढ पूर्ण होण्यास डासाच्या शरीरात साधारणपणे १० ते १४ दिवस लागतात. त्याआधी मेलेली मादी कोणालाही हिवताप देऊ शकत नाही. मादीचे विच्छेदन करून तिच्या वयाचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक डास मारणे अशक्य असले तरी त्याला म्हातारा होऊ न देणे शक्य आहे.

चौथा प्रश्न, औषध लागू पडते काय? औषध लावलेल्या कागदाच्या सान्निध्यात डासांना तासभर ठेवतात व २४ तासांनी मेलेले डास मोजतात. शंभरांपैकी नव्वदांहून कमी मेले, तर त्या डासांवर ते औषध निरुपयोगी ठरू लागले असे समजतात.

फवारणी आणि सारवण

रक्त पिऊन जड झालेली मादी बहुधा जवळच्या भिंतीवर विसावते आणि भिंतीवर औषध असेल तर मरते. घरातील फवारणीचे मर्म हेच आहे. हा परिणाम सुमारे दहा आठवडे टिकतो. पण सणावारासाठी भिंती सारवल्या किंवा रंगवल्या की औषध मातीखाली गाडले जाते आणि शासनाचा खर्च व कर्मचाऱ्यांचे श्रम वाया जातात. म्हणून सारवण व रंगकाम फवारणीपूर्वीच उरकावे. झोपण्याची खोली व गोठा फवारणीतून वगळू नये.

पिकाच्या राखणीसाठी शेतात किंवा वनोपजासाठी रानात मुक्काम करणाऱ्यांना घरच्या फवारणीचा उपयोग होत नाही. त्यांनी कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी सोबत न्यावी. ती मासे धरण्यासाठी वा धान्य झाकण्यासाठी वापरू नये.

वेस्ट इंडीजचे उदाहरण

डास ओळखून उपाय करण्याचे फळ वेस्ट इंडीजच्या बेटांवर पूर्वीच दिसून आले आहे. पीतज्वर डासांमुळे पसरतो, असे क्युबातील डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडले. पुढे घरोघरची पाण्याची भांडी झाकून व रिकामी करून १९०१ मध्ये हवाना शहर त्या रोगातून मुक्त करण्यात आले. तो डास, एडिस इजिप्ती, आपल्याकडे डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवतो. तो दिवसा चावतो आणि रांजण, टाक्या, जुने टायर यांत वाढतो. त्याची अंडी कोरड्या भांड्यालाही महिनोन् महिने चिकटून राहतात. यासाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी नुसती उपडी न करता आतून घासून काढावीत. मोठ्या टाक्यांत व हौदांत गप्पी मासे सोडावेत.

ताप आल्यास

बालाघाटशेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या हिवताप निर्मूलन प्रात्यक्षिक प्रकल्पात १,२३३ गावांमधील तापाचे रुग्ण शोधून त्यांची तपासणी व उपचार करण्यात आले. डासनियंत्रणाच्या जोडीला हे काम नेटाने झाल्यामुळे तेथील रुग्णसंख्येत मोठी घट झाली. आशा कार्यकर्तीकडील तपासणीत रक्ताच्या एका थेंबावरून काही मिनिटांत निदान होते. फॅल्सिपेरम प्रकारचा हिवताप मेंदूपर्यंत पोहोचून थोड्याच अवधीत प्राण घेऊ शकतो. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे झाडफूक किंवा अर्धवट औषधे यांत वेळ न दवडता ताप येताच रक्त तपासून घ्यावे. व्हायव्हॅक्स प्रकारात ताप उतरला तरी चौदा दिवसांच्या गोळ्या सल्ल्यानुसार पूर्ण कराव्यात, अन्यथा तो उलटतो. गर्भवती स्त्रिया व तान्ही मुले यांना मात्र या गोळ्या देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हिवताप २०३० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ते गाठण्यासाठी ग्रामपंचायतींनी डबक्यांची नोंद ठेवावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अळ्या ओळखण्यास शिकवावे आणि सीमेवरील अधिकाऱ्यांनी रुग्णांची माहिती परस्परांना वेळीच कळवावी. रुग्ण कमी झाले म्हणून पाळत सैल होऊ देऊ नये. १९६५ नंतर झालेली चूक पुन्हा होणार नाही, याची जबाबदारी प्रत्येक गावाची आहे.