घशात नळी घालताना कॅमेरा असला तर काय फरक पडतो?

घरात कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं की सर्जन कोण, हात कसा आहे, हे आपण दहा जणांना विचारतो. भूल कोण देणार, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर पूर्ण भुलीत अब्बांचा किंवा अम्मीचा श्वास त्याच डॉक्टरांच्या हातात असतो.

पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिलं की पेशंटला स्वतः श्वास घेता येत नाही. म्हणून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून ती मशीनला जोडतात. त्या वेळी जीभ बाजूला सारून स्वरयंत्र दिसावं म्हणून वापरतात ते साधन म्हणजे लॅरिंगोस्कोप. साध्या लॅरिंगोस्कोपात डॉक्टर तोंडातून सरळ डोळ्यांनी आत पाहतात. त्याचं वाकडं मॅकिंटॉश पातं १९४३ पासूनचं, आजही जगभर चालतं. पण मान मागे जात नसेल, खालचा जबडा लहान असेल, तर सरळ नजर पोहोचत नाही. व्हिडिओ प्रकारात पात्याच्या टोकाजवळ छोटा कॅमेरा असतो आणि आतलं स्क्रीनवर दिसतं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या ८,००० हून अधिक ऑपरेशनांत दोन्हींची तुलना झाली. निकाल २०२४ मध्ये आले. नळीसाठी एकाहून जास्त प्रयत्न करावे लागले ते साध्या प्रकारात ७.६ टक्के वेळा, व्हिडिओत १.७ टक्के. हा फरक किरकोळ नाही. प्रत्येक जादा प्रयत्नात घसा सुजतो, रक्त येऊ शकतं, ऑक्सिजन खाली जाऊ शकतो. दातांना किंवा घशाला इजा होण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं.

तरी साधं यंत्र वापरलं म्हणजे हयगय केली, असं समजू नका. कॅमेऱ्यावर रक्त किंवा उलटी आली तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. शिवाय स्वरयंत्र छान दिसूनही नळी तिकडे वळवणं अवघड जातं, त्यालाही सराव लागतो. एका मोठ्या हॉस्पिटलचे आकडे तालुक्याच्या दवाखान्याला जसेच्या तसे लागू होतील असंही नाही.

आपल्या हातात आहे ते तपासणीच्या वेळी खरं सांगणं. गुटखा-सुपारीमुळे तोंड कमी उघडतं का, दात हलतात का, कवळी आहे का, झोपेत मोठ्यानं घोरतात का, हे लाजून लपवू नका. दाट दाढीत ऑक्सिजनचा मास्क नीट बसत नाही आणि हनुवटी किती मागे आहे तेही झाकलं जातं. दाढी काढावीच लागते असं नाही, पण डॉक्टरांना आधी बघू द्या. नकाब घालणाऱ्या भगिनींचं तोंड, जबडा आणि मान पाहणं गरजेचं असतं. लेडी डॉक्टर हवी असेल तर आदल्या दिवशीच सांगा, ऑपरेशन थिएटरच्या दारात नको. आणि मागच्या ऑपरेशनमध्ये नळी घालायला त्रास झाला होता, असं कुणी सांगितलं असेल, तर ते जुने कागद सोबत न्या आणि व्हिडिओ लॅरिंगोस्कोप तयार ठेवणार का, हे सरळ विचारा.