हस्तभरित काडतूस, जड गोळीचे
वापरलेल्या पितळी कोशात नवी प्रायमर, मोजलेली दारू व निवडक गोळी बसवून नेमबाज स्वतः तयार करतो ते काडतूस. एकाच व्यासाची जड गोळी अधिक लांब असते. तिचा वेग सावकाश घटतो व ती वाऱ्याने कमी ढळते, म्हणून दूर पल्ल्यासाठी ती पसंत केली जाते. मात्र ती स्थिर राहण्यास नळीतील खोबणींना तीव्र पीळ लागतो. ग्रीनहिल यांच्या सूत्रानुसार (१८७९) एका वेढ्याची लांबी = १५० × व्यास² ÷ गोळीची लांबी; ७·८२ मिमी. व्यासाच्या, ३१ मिमी. लांब शिसेगर्भ गोळीस ती सु. २९६ मिमी. येते. येथे निर्णायक ठरते ती लांबी, वजन नव्हे. पीळ अपुरा पडल्यास गोळी कोलांट्या घेते व लक्ष्यावर आडवे भोक उमटते. हलक्या गोळीचे दारूचे प्रमाण जड गोळीस तसेच वापरल्यास दाब धोकादायक वाढून रायफल फुटू शकते.