विजय चौकातला बुधवार

सकाळी ६.४०
७ जुलै २०२१. पूर्व दिल्लीतला पेट्रोल पंप. फलकावर आकडा १००.२१. दिल्लीत पेट्रोलनं शंभरी गाठली ती आजच. कॅमेरामन दोनशे रुपये पुढे करतो. दोन लिटर पुरते बसत नाहीत. तो मूळचा अकोल्याचा, एका मराठी वाहिनीच्या दिल्ली ब्युरोत. पगार अठ्ठावीस हजार होता. कोविडात तेवीस झाला, तो अजून तेवीसच आहे.

८.१५
ब्युरो. चार बॅटऱ्या चार्जरवर, त्यातली एक फुगलेली. आज मंत्रिमंडळाचा विस्तार. पण सकाळीच मुंबईत दिलीपकुमार गेले. डेस्कचा फोन येतो, दुपारपर्यंत दिल्लीला वेळ नाही. तो बॅटरी काढतो, पुसतो, परत लावतो. "बरं झालं, बॅटरी वाचली."

दुपारी १२.३०
लोककल्याण मार्गाच्या अलीकडे बॅरिकेड. पंतप्रधानांचं निवासस्थान इथून दिसतही नाही. दिसतात त्या फक्त आत जाणाऱ्या गाड्या. कोण मंत्री होणार याची यादी कुणी देत नाही, ती गाडीच्या काचेतून वाचायची. स्टँडवरून कॅमेरा खांद्यावर. सात-आठ किलो. पाठीवर सिमकार्डांची बॅग, लाइव्ह जायला. फोकस काचेवर बसला की झाडाचं प्रतिबिंब मिळतं, माणूस हुकतो. आज आत जाणाऱ्यांत नारायण राणे, कपिल पाटील, भागवत कराड, भारती पवार. महाराष्ट्राचे चौघे. मास्कमुळे ओळखायला कपाळ आणि चष्मा एवढंच. पाऊस अजून दिल्लीत आलेला नाही. पाण्याची बाटली वीस रुपये, तासाला एक लागते.

३.००
आता नावं उलट्या दिशेनं येतात. राजीनामे. निशंक, गंगवार, सदानंद गौडा. मग संजय धोत्रे, अकोल्याचे, चार वेळा निवडून आलेले खासदार. "आमचा माणूस गेला, बाप्पा," एवढं बोलून तो केबल गुंडाळायला घेतो. हर्षवर्धनही गेले. कोविडच्या मधोमध आरोग्यमंत्री बदलतोय, याची बातमी रस्त्यावर उभ्यानंच टाइप होते. शपथविधीच्या तोंडावर रविशंकर प्रसाद आणि प्रकाश जावडेकर. एकूण बारा.

५.३०
विजय चौक. ओळीनं स्टँड. पायांच्या खुणा आधीच खडूनं आखलेल्या, ज्याची जागा त्याची. रिपोर्टर पोरगी गणित सांगतेय: लोकसभेच्या ५४३ जागा, त्याच्या १५ टक्के, म्हणजे मंत्री ८१ च्या वर नेता येत नाहीत. ९१ वी घटनादुरुस्ती. "दादा, आकडा नीट आला ना?" तो अंगठा दाखवतो. आवाज त्यानं ऐकलेलाच नसतो, कानात डेस्क ओरडतंय.

६.००
शपथविधी. खासगी कॅमेऱ्यांना आत काम नाही, फीड दूरदर्शनचं. तो गाडीत बसून मोबाइलवर बघतो. दिवसात पहिल्यांदा बूड टेकलेलं. पहिलं नाव राणेंचं. नाव पुकारलं जातं, माणूस येतो, पदाची शपथ, गोपनीयतेची शपथ, सही, पुढचा. ४३ जण, साधारण दीड तास. माणशी दोन मिनिटं. पंधरा कॅबिनेट, बाकीचे अठ्ठावीस राज्यमंत्री. चाळीस भाजपचे. मित्रपक्षांचे तिघे: आर. सी. पी. सिंह, पशुपती पारस, अनुप्रिया पटेल. आधीचे आठवले धरून चौघे. पंतप्रधानांसह मंत्रिपरिषद ७८ ची.

पक्ष एकच, पण त्याच्या हार्ड डिस्कला तसं वाटत नाही. डेस्क राणेंची जुनी दृश्यं मागतंय. शिवसेनेतली, काँग्रेसमधली, स्वतःच्या पक्षातली, भाजपमधली. कपिल पाटील आणि भारती पवार राष्ट्रवादीच्या फोल्डरमध्ये सापडतात. मुळापासून भाजपचे एकटे कराड. ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसच्या, सोनोवाल आसाम गण परिषदेच्या. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात नेमकं विश्लेषण त्या फोल्डरांच्या नावांत होतं. तो मात्र वैतागलेला. "मागचे झेंडे कापून पाठवू का?" डेस्क म्हणतं, राहू द्या.

रात्री १०.००
खातेवाटप. राणेंना सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग, कालपर्यंत गडकरींकडे असलेलं. कराड अर्थ, पवार आरोग्य, पाटील पंचायती राज, तिन्ही राज्यमंत्रिपदं. दानवे रेल्वेत. आदल्या दिवशीच जन्मलेलं सहकार खातं अमित शहांकडे. डेस्कवर साखर कारखान्यांच्या दृश्यांची शोधाशोध. पेट्रोलियमचे धर्मेंद्र प्रधान शिक्षणात, त्यांच्या जागी हरदीप पुरी. "म्हणजे उद्या शंभरीवर बाईट पुरींचा," तो रिपोर्टरला सांगतो. गाडीचा ड्रायव्हर मध्येच म्हणतो, सीएनजीही उद्या सकाळपासून नव्वद पैशांनी वाढतोय.

११.२०
केबल गुंडाळून झाली. जेवण चाळीस रुपयांचे छोले-कुलचे, उभ्यानं. उद्या नवे मंत्री पदभार घेणार. महाराष्ट्राचे चौघे चार भवनांत, कॅमेरा एक. उद्योग भवन, निर्माण भवन, नॉर्थ ब्लॉक, कृषी भवन. कुठून सुरुवात करायची, तो डेस्कला विचारतो. जो आधी पोचेल तिथून, डेस्क सांगतं. आणि रात्रीचे जादा पैसे? त्यावर नेटवर्क गेलेलं असतं.