सात मिनिटांचा उशीर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झाले. अशा घटना केवळ प्राचीन काळातल्याच नाहीत. १९०८ साली सायबेरियात तुंगुस्का येथे झालेल्या स्फोटाने सुमारे २,००० चौरस किलोमीटरवरचे जंगल आडवे झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे २० मीटरचा दगड हवेतच फुटला. त्या धक्क्याने खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली.

उद्या एखादा मोठा लघुग्रह आपल्या रोखाने येतो आहे असे कळले, तर काय करायचे? ‘बॉम्ब टाकून उडवून द्यायचा’ हे उत्तर वर्गात हमखास मिळेल. पण तुकडे त्याच वाटेने येत राहिले, तर एका आघाताऐवजी अनेक आघात होतील. म्हणून लघुग्रह फोडण्यापेक्षा त्याची वेळ चुकवणे बरे.

हे कसे, ते पाहू. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. तिचा व्यास सुमारे १२,७५० किलोमीटर आहे. म्हणजे स्वतःच्या व्यासाइतके अंतर ती सुमारे सात मिनिटांत कापते. आगगाडी निघून गेल्यावर फाटकाशी पोचलेल्या बैलगाडीला धोका नसतो. तसेच लघुग्रह सात मिनिटे उशिरा आला, तर पृथ्वी तिथून पुढे सरकलेली असेल.

त्यासाठी धक्का केवढा हवा? समजा, लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त १ सेंटिमीटरने बदलला. दहा वर्षांत सुमारे ३१ कोटी ५० लाख सेकंद असतात. तेव्हा साध्या गुणाकाराने तो मूळ जागेपासून ३,१५० किलोमीटर सरकेल. प्रत्यक्षात वेग बदलला की कक्षाच लहान-मोठी होते आणि प्रदक्षिणेचा काळ बदलतो. त्यामुळे धक्का गतीच्या दिशेत किंवा तिच्या विरुद्ध दिलेला असेल, तर हा फरक सुमारे तिपटीने वाढतो. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मुंगीच्या चालीएवढा हा बदल किती मोलाचा आहे ते कळेल.

असा धक्का देता येतो, हे नासाच्या डार्ट यानाने दाखवून दिले. डिडिमॉस या लघुग्रहाभोवती डायमॉर्फॉस नावाचा सुमारे १६० मीटरचा छोटा सोबती फिरतो. दोघांपासूनही पृथ्वीला धोका नव्हता. २६ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ५८० किलो वजनाचे हे यान सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फॉसवर आदळवण्यात आले. त्याच्या प्रदक्षिणेचा काळ ११ तास ५५ मिनिटांवरून ११ तास २३ मिनिटांच्या आसपास आला. आघाताने उडालेल्या दगडधुळीच्या फवाऱ्याने त्याला मागे रेटले, म्हणून यानाच्या धक्क्याचा परिणाम दुपटीहून अधिक झाला. बंदुकीतून गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का आठवा. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

दुसराही एक मार्ग सुचवला गेला आहे. एखादे जड यान लघुग्रहाजवळ वर्षानुवर्षे तरंगत ठेवायचे आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने लघुग्रहाला हळूहळू ओढायचे. यालाही वेळ हवाच.

म्हणजे खरे शस्त्र आहे ते पूर्वसूचना. २००४ साली सापडलेला अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. सुरुवातीला त्याची धास्ती वाटली होती, पण सतत निरीक्षणे केल्यामुळे निदान शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नाही असे आज सांगता येते. एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे बहुतेक लघुग्रह सापडले आहेत. मात्र एखादे शहर उद्ध्वस्त करू शकतील अशा १४० मीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी निम्म्याहून अधिक अजून सापडायचे आहेत. चेल्याबिन्स्कचा दगड तर सूर्याच्या बाजूने आला, त्यामुळे तो आधी दिसलाच नाही.

विद्यार्थ्यांकडून एक गणित सोडवून घ्या. दहा वर्षांऐवजी दहाच दिवस हाती असतील, तर १ सेंटिमीटरच्या त्याच बदलाने लघुग्रह किती सरकेल? उत्तर येईल जेमतेम ८.६ किलोमीटर. लवकर शोध घेणे का महत्त्वाचे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.